साडेपाच वाजताचा दगड

"मी पाइपलाइनवर आहे" असं सांगितलं की आमच्या गावाकडे पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "किती इंची? विहिरीवरनं का नदीवरनं?" गाव कृष्णाकाठचं. तिथे पाइपलाइन म्हणजे उसाला पाणी नेणारी. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनीही हेच विचारलं. मी "अठरा इंची, चारशे किलोमीटर" म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. एवढं पाणी नेऊन हा माणूस भिजवतो तरी काय, असा त्यांचा चेहरा होता.

माझ्या नळीतून पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल जायचं. एकाच नळीतून, एकामागोमाग. या धंद्यात सत्तावीस वर्षं काढली. पहिली निम्मी नळ्या पुरण्यात गेली, उरलेली पुरलेल्या नळ्या चालवण्यात. कंपनीचं आणि लाइनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून जाते, एवढं पुरे.

१९९३ ला मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा वाटलं होतं की काम लोखंडाशी असेल. पहिली दोन वर्षं सातबाऱ्याशीच होतं. तेलाची लाइन टाकायला जमीन विकत घेत नाहीत. १९६२ चा एक केंद्राचा कायदा आहे, त्याखाली फक्त वापराचा हक्क घेतात. आधी अधिसूचना निघते, हरकतीला २१ दिवस मिळतात, मग सुनावणी. जमीन शेतकऱ्याचीच राहते, सातबाऱ्यावर इतर हक्कात एक ओळ चढते. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. काम झालं की त्या पट्ट्यात नांगरा, पेरा, काय हवं ते पीक घ्या. पण विहीर खणायची नाही, तळं करायचं नाही, घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही. हे मी बांधावर बसून शेकडो वेळा समजावलं असेल. एका म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रान माझंच ऱ्हायलं, पर त्याच्यात आंबा लावायचा तर तुम्हाला इचारायचं. बरोबर ना?" बरोबरच होतं. हा १० टक्क्यांचा दर मला स्वतःला कधी पटला नाही, पण ते बांधावर बोलायची सोय नव्हती.

तलाठी, आमचा माणूस आणि शेतकरी असे तिघे मिळून पंचनामा करायचे. मोजणीच्या आदल्या रात्री काही रानांत सीताफळाची रोपं उगवायची. आम्हीही फार खोलात जात नसू. बोरीचं जुनं झाड तोडताना मात्र बायका बाहेर येऊन उभ्या राहायच्या, आणि तिथे पैशाचं बोलणं नको वाटायचं.

प्रत्यक्ष काम सुरू झालं की ते ऊसतोडीच्या टोळीसारखं सरकतं. पुढची माणसं पट्टा सपाट करतात, त्यांच्यामागे ट्रेलर बारा-बारा मीटरचे पाइप ओळीने मांडत जातात, मग वेल्डर, मग एक्सरेवाले, मग जॉइंटला कोटिंग करणारे, आणि सगळ्यात शेवटी साइडबूमची, म्हणजे बाजूला हात असलेल्या क्रेनची रांग, वेल्ड झालेली लांबच्या लांब नळी उचलून चरात सोडायला. पहिल्या आणि शेवटच्या माणसात दहा-पंधरा किलोमीटरचं अंतर. मुक्काम तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात, आणि काम पुढे सरकलं की बिऱ्हाडही पुढे. माझ्या मुलीची पहिली ते चौथी चार गावांत झाली.

या टोळीची एक वेगळी भाषा असते. पाइपच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं तर तो घड्याळासारखा दिसतो. वरती बारा, खाली सहा. वेल्डर बारा वाजता सुरू करतो आणि उतरत सहा वाजेपर्यंत येतो. दुसऱ्या बाजूने त्याचा जोडीदार. कुठे खोट राहिली तर एक्सरेवाला सांगतो, "चार वाजता पोरोसिटी आहे," म्हणजे त्या जागी धातूत बुडबुडे राहिलेत. आमच्याकडे केरळचा एक वेल्डर होता. तो पहिला पास, म्हणजे वेल्डिंगचा सगळ्यात आतला थर, मारताना इतर कोणाला बोलू द्यायचा नाही. आर्कचा आवाज ऐकून त्याला कळायचं की आत धातू नीट उतरतोय की नाही. तळलेलं काहीतरी कढईत पडल्यासारखा एकसुरी आवाज यायला हवा. तो फुटला की थांबायचा, स्वतःच ग्राइंडर लावून सगळं काढायचा आणि पुन्हा भरायचा. त्याचे जॉइंट एक्सरेला क्वचितच पडले.

दुसरा शब्द हॉलिडे. पाइपवर प्लास्टिकचं जाड कोटिंग असतं. त्याला कुठे बारीक भोक किंवा चीर असेल तर त्या जागेला हॉलिडे म्हणतात. चरात सोडण्याआधी स्प्रिंगचं एक कडं पाइपवरून फिरवतात, त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि चीर आली की ठिणगी उडून यंत्र ओरडतं. "हॉलिडे निघाला की आपला हॉलिडे गेला" हा साइटवरचा सगळ्यात शिळा विनोद. नवीन पोरगं आलं की तेवढ्यापुरता ताजा व्हायचा.

आता जून २००३. मृग निघाला होता. आमचा सहाशे मीटरचा एक तुकडा खडकात अडकला होता. काळा पाषाण, सुरुंग लावून चर फोडलेला. अशा चरात पाइप नुसता ठेवत नाहीत. तळाला वीतभर मऊ मातीची गादी घालायची, त्यावर पाइप, त्याच्या भोवती आणि वर पुन्हा मऊ माती, आणि मगच फोडलेला दगड आत ढकलायचा. याला पॅडिंग म्हणतात. खडकाळ भागात मऊ माती लांबून आणावी लागते. शेतकरी रोज येऊन विचारत होता, "पेरणीला रान कव्हा मोकळं करता?" त्याचा हक्कच होता. आम्ही एप्रिलमध्ये मोकळं करू म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी साडेपाचशे मीटर झालं आणि पाऊस आला. मातीचे डंपर रस्त्यावरच रुतले. चरात घोटाभर गढूळ पाणी. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, बाजूचीच माती घेऊन टाकतो. रात्रीत झाकलं नाही तर कडा कोसळतील." तेही खरं होतं. मग त्याने बाजूची माती टाकली. त्यात दगड किती होते ते पाण्यामुळे दिसत नव्हतं. मी काठावर बॅटरी घेऊन उभा होतो. खाली उतरून पायाने चाचपायला हवं होतं, ते केलं नाही. बूट भरतील म्हणून, असं लिहिलं तर ते खोटं नाही. साइडबूमने नळी सोडली, वर दगडमाती गेली. रात्री अकराला जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून मी सही केली: पॅडिंग समाधानकारक.

नंतर सगळ्या तुकड्यातून गेज प्लेट पाठवली. ही ॲल्युमिनियमची एक गोल थाळी, नळीच्या आतल्या व्यासाच्या ९५ टक्के मापाची. नळी कुठे मोठी चेपली असेल तर थाळीची कड दुमडते. आमची थाळी जशी गेली तशी परत आली. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हायड्रोटेस्ट. नळीत पाणी भरायचं, चालवण्याच्या दाबाच्या सव्वापट दाब द्यायचा आणि २४ तास धरायचा. अठरा इंची नळीच्या एका किलोमीटरला साधारण दीड लाख लिटर पाणी लागतं. तीस किलोमीटरच्या तुकड्याला पंचेचाळीस लाखांच्या वर. तो सलग दुष्काळाचा काळ होता आणि गावोगावी टँकर चालू होते. पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी होती, पैसे भरलेले होते. तरी पंप सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी शंभरेक माणसं तलावावर आली. एक बाई पुढे होऊन म्हणाली, "आमच्या जनावराला पाणी न्हाई अन् तुम्ही नळी धुवायलाव?"

परवानगीचा कागद माझ्या खिशात होता. तो बाहेर काढायची हिंमत झाली नाही. हेच पाणी पुढच्या तुकड्यात ढकलणार आहोत, नवीन घेणार नाही, हे मी सांगितलं. मग ते नंतर आम्हालाच सोडा, असं कोणीतरी म्हणालं. तेही करता येत नव्हतं. नळी आतून गंजू नये म्हणून पाण्यात रसायन घातलेलं असतं. शेवटी ठेकेदाराने टेस्ट संपेपर्यंत गावाला रोज चार टँकर द्यायचं कबूल केलं, दुसरीकडून विकत घेऊन. निवडणुकीचे दिवस होते, त्यामुळे त्या टँकरचं श्रेय आम्ही सोडून इतर बऱ्याच जणांनी घेतलं.

टेस्टच्या रात्री तीन वाजता दाब दीड बारने (बार हे दाबाचं माप) खाली आला. तंबूत एकदम शांतता पसरली. गळती असेल तर तीस किलोमीटरमध्ये शोधायची कुठे? ठेकेदाराची माणसं टॉर्च घेऊन निघायच्या बेतात होती. आमचे एक वयस्क साहेब होते, पायजम्यावरच आले. त्यांनी कोणाशी न बोलता तापमानाची नोंदवही मागवली. उथळ तलावातलं, उन्हाने तापलेलं पाणी मीटरभर खालच्या थंड जमिनीत गेलं होतं आणि अजून पुरतं निवलं नव्हतं. आमच्या जाडीच्या नळीत पाणी एक अंश थंड झालं की दाब सुमारे तीन बारने उतरतो. अर्धा अंश उतरला होता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं, उत्तर जुळलं, "चहा टाका" म्हणाले आणि परत झोपायला गेले. मी त्या रात्री पहिल्यांदा हे गणित नीट शिकलो. कॉलेजात ते कुठल्याच पेपरला आलं नव्हतं.

मधली तीन-चार वर्षं आखातात काढली. पैसे मिळाले, पुण्यात फ्लॅट झाला. वाळूत चर खणायला सोपा, एवढंच त्याबद्दल.

२००९ ला परत आलो तो थेट ऑपरेशनला, आणि तेही त्याच लाइनवर. एका पंपिंग स्टेशनचा प्रमुख. बांधकामवाला ऑपरेशनला गेला की त्याला पहिले सहा महिने फार कंटाळा येतो. काही घडतच नाही. स्क्रीनवर आकडे, पंपांचा एकसारखा आवाज, आठ तासांच्या पाळ्या. मग हळूहळू कळतं की काही न घडणं हेच काम आहे, आणि त्यासाठी बरंच काही करावं लागतं.

लोक विचारतात, एकाच नळीत पेट्रोल आणि डिझेल मिसळत नाही का? मिसळतं, पण फक्त जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे. बॅचेस एकामागोमाग चालतात, माणसाच्या झपझप चालीने, या टोकाचं डिझेल त्या टोकाला पोचायला तीन दिवस. दोघांच्या सांध्याला इंटरफेस म्हणतात. शक्य तिथे पेट्रोल आणि डिझेलच्या मध्ये रॉकेल घालायचं, म्हणजे दोन्हीकडे कमी नुकसान. घेणाऱ्या स्टेशनवर ऑपरेटर घनतेच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. पेट्रोल ०.७४ च्या आसपास, डिझेल ०.८३. आकडा हलायला लागला की व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्याने ठरवायचं. घाई केली तर डिझेलच्या टाकीत पेट्रोल जातं, आणि थोडंसं पेट्रोलही डिझेलला लवकर पेट घ्यायला लावतं. मग ती आख्खी टाकी अडकते. पहाटे चारला इंटरफेस येणार असेल तर आमचा जुना ऑपरेटर जेवण हलकं करायचा. भात नाही.

खरा शत्रू मात्र जेसीबी. लाइनवर गंजापेक्षा मला त्याची धास्ती जास्त होती. खड्ड्यात किती खोल काय आहे हे चालवणाऱ्याला माहीत नसतं, आणि तो तासावर आलेला असतो. पुढे २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा आमची झोप उडाली. शेतकऱ्याला तळं हवं असणारच. पण आपल्याच रानातल्या त्या पट्ट्यात खणायचं नाही, हे बापाने मुलाला सांगितलेलं असतंच असं नाही. मग आमचे लाइनवॉकर. रोज आठ-दहा किलोमीटर चालायचं, खांब पाहायचे, कुठे खणलंय का पाहायचं. एकदा ऐन उन्हाळ्यात एकाला बांधाकडेला ताजी माती दिसली. "पेरणी न्हाई, काही न्हाई, अन् माती कशी ओली?" एवढ्यावरून त्याने फोन केला. खाली आमच्या नळीला चोरट्यांनी तोटी जोडायचं काम निम्मं करून ठेवलं होतं. लाखो रुपयांच्या संगणकाला ते दिसलं नव्हतं, कारण अजून एक थेंबही बाहेर आला नव्हता.

लाइनवर दर किलोमीटरला गंजरोधक विजेची तपासणी करायचा एक खांब असतो. तंत्रज्ञ जमिनीत मोरचूद भरलेली कांडी टेकवून व्होल्टेज मोजतो. उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून खाली असलं की नळी सुरक्षित. द्राक्षवाले शेतकरी मोरचूद म्हटल्यावर लगेच जवळ यायचे, कोणत्या रोगावर फवारता म्हणून.

तारखेच्या क्रमाने पुढची गोष्ट शेततळ्यांच्या आधी यायला हवी होती. मी ती मागे ठेवली.

२०१४ ला आमच्या भागात इंटेलिजंट पिग चालवला. नळीच्या आतून प्रवाहाबरोबर जाणारं, सेन्सर लावलेलं यंत्र. ते भिंतीची जाडी, गंज, चेपलेल्या जागा, सगळं नोंदवत जातं. महिन्याने अहवाल आला, हजारो ओळींचा. माझ्या हाताखालच्या एका तरुण इंजिनिअरने एक ओळ पिवळी करून आणली. चेप, खोली व्यासाच्या २.८ टक्के, जागा साडेपाच वाजता, गोल जॉइंटला लागून.

साडेपाच वाजता, म्हणजे जवळजवळ तळाला. वरून जेसीबी लागला असता तर अकरा-बारा-एक वाजता लागला असता. तळाची चेप म्हणजे खाली दगड. २.८ टक्के म्हणजे तेरा मिलिमीटर, गेज प्लेट तिथून बिनबोभाट निघून गेली असणार. नुसती चेप एवढी असती तर चालवून घेता आली असती. जॉइंटवर असली की दुरुस्तीच.

त्याने बांधकामाच्या वेळची फाइल काढली होती. "सर, पॅडिंग ओके लिहिलंय. सही कोणाची आहे कळत नाही."

"माझी आहे," मी म्हणालो.

तो गडबडून "सॉरी सर" म्हणाला. त्याने काय केलं होतं सॉरी म्हणायला?

जानेवारीत खणायला गेलो. आधी लाइनचा दाब वीस टक्क्यांनी उतरवला. दगडावर टेकलेली चेप मोकळी झाली की आतल्या दाबाने बाहेर फुगू पाहते, आणि तिथे तडा असेल तर तेव्हाच फुटते. वरचा मीटरभर थर यंत्राने काढला, पाइपजवळचं सगळं हाताने, कुदळ-फावडं. दुपारी दोनला पाइप दिसला. मी बूट काढले आणि खड्ड्यात उतरलो. आडवा होऊन खालून हात घातला. दगड हाताला लागला. वरवंट्यापेक्षा थोडा मोठा, एक कड धारदार. काळं कोटिंग त्याच्याभोवती फाटून वळकटी झालं होतं आणि त्याच्या आत तपकिरी ओलसर माती. गंज थोडाच होता, नखाने खरवडता येईल इतका. अकरा वर्षं हा दगड तिथेच होता आणि वरून माझ्या नोंदीप्रमाणे करोडो लिटर तेल गेलं होतं.

बाहेर काढला तेव्हा कोणी काही बोललं नाही. जाडी मोजली, तडा नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन अर्धगोल स्टीलचे पत्रे भोवती बसवून वेल्ड केले. चालू लाइनवर वेल्डिंग, आत तेल. त्या वेळी खड्ड्याच्या काठावर कोणाला उभं राहू देत नाहीत, मी राहिलो. अहवालात कारण लिहिताना 'अपुरं पॅडिंग' असं लिहिलं आणि पुढे तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव. वरिष्ठांनी ते नाव गरजेचं नाही म्हणून काढायला सांगितलं. मी काढलं नाही, आणि त्यावर पुढे कोणी काही विचारलंही नाही.

या वेळी मऊ माती चाळून आणली होती. मी स्वतः पायाने दाबून पाहिली, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. बांधावर शेतकरी बसला होता, मोबदल्याच्या पंचनाम्यासाठी थांबलेला. २००३ मध्ये पेरणीसाठी रोज येणारा तोच. आता मुलगा शेती करतो, पण कागदाच्या कामाला हाच येतो.

"तुम्हीच होतात ना त्या रात्री? वर बॅटरी धरून?" त्याने विचारलं.

"हो."

"त्या साली पेरा लांबला आमचा." मग दगडाकडे बघून म्हणाला, "हा नेऊ का? गोठ्यात खुंट्याला लावायला बरा हाय."

मी "ने" म्हणालो. त्याने तो उचलून खांद्यावर घेतला, दोन पावलं गेला आणि वळून तलाठ्याला म्हणाला, "भाऊसाहेब, तूर लिहा बरं का. कापूस न्हाई, तूर व्हती."